चौल-रेवदंडा : एका विसरलेल्या बंदराची सफर

बंदराचे गाव म्हटले की आजकाल आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर इटलीचे व्हेनिस येते. मोबाईलवर त्याची चित्रे असतात, सिनेमात तिथली गाणी असतात. पाण्यातले रस्ते, होड्या, संगमरवरी वाडे. ते शहर सुंदर आहे यात शंका नाही. पण ज्या मालावर व्हेनिस श्रीमंत झाले, त्यातला बराचसा माल हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून जात होता. त्या किनाऱ्यावर आपल्या महाराष्ट्रातच एक बंदर होते. व्हेनिस नकाशावर ठळक होण्याच्या कितीतरी आधीपासून ते गजबजलेले होते. त्याचे नाव चौल. आज रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेला, कुंडलिका नदीच्या मुखापाशी, नारळी-पोफळीच्या वाड्यांत ते शांतपणे पडून आहे. व्हेनिसला जाणे आपल्यापैकी फार थोड्यांच्या नशिबी असेल, पण चौल एसटीच्या टप्प्यात आहे. म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिकडची सफर केली. वाचक भगिनी-बंधूंना उपयोग व्हावा म्हणून तिची हकीगत देत आहोत.

सोनगीरहून समुद्राकडे

आम्ही खान्देशचे, सोनगीरचे. धुळ्याच्या उत्तरेला मुंबई-आग्रा रस्त्यावरचे हे गाव. डोक्यावर किल्ला आणि पायथ्याशी तांब्या-पितळेच्या भांड्यांचा जुना धंदा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, नळाची पाळी आणि उन्हाळ्यात टँकर. घरातल्या तिन्ही मुलांनी समुद्र पाहिला नव्हता. अम्मींनी तो एकदाच पाहिला होता, हजला जाताना, विमानाच्या खिडकीतून. त्यामुळे घरातून सहा जण निघालो त्यांत सर्वांत उत्साही कोण, पोरे की अम्मी, हे सांगणे कठीण होते.

सोनगीर ते धुळे, धुळ्याहून रात्रीच्या बसने मुंबई. नाशिक मागे पडले, कसारा घाट उतरलो आणि पहाटे मुंबईत आलो. फजर एका मशिदीत अदा केली, चहा-पाव घेतला आणि गेटवेवरून मांडव्याची बोट धरली. काही बोटींच्या तिकिटातच मांडव्यापासून अलिबागपर्यंतच्या बसचे भाडे धरलेले असते, तिकीट काढताना तेवढे विचारून घ्यावे. पावसाळ्यात गेटवेवरच्या बोटी बंद असतात. तेव्हा पेण-वडखळ मार्गे रस्त्याने जावे लागते. अलिबागहून रेवदंड्याच्या एसटीत बसले की वाटेत चौल लागते. सारे अंतर सतरा-अठरा किलोमीटरचे.

याच एसटीत एक साधी गोष्ट घडली. शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी आमच्या थोरल्याशी गप्पा काढल्या. नाव विचारले, गाव विचारले. सोनगीर म्हटल्यावर म्हणाले, "ते झालं रे, पण तुम्ही लोक मूळचे कुठले?" त्यांच्या बोलण्यात काही वाईट हेतू होता असे म्हणवत नाही. पण पोराचा चेहरा उतरला. तो आठवीत आहे. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारले, "आपण मूळचे कुठले?" आम्ही त्याला म्हटले, "दोन दिवस डोळे उघडे ठेवून पाहा, मग बोलू." प्रश्न त्याचा होता, पण उत्तर आम्हालाही हवे होते.

अकराशे वर्षांपूर्वीचे सैमूर

चौलचा इतिहास दोन हजार वर्षांचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ग्रीक लेखनात ते सेमिल्ला, सिमिल्ला अशा नावांनी येते. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखात त्याला चेमुल म्हटले आहे. अरबांनी त्याला सैमूर केले. पावसाळ्याच्या वाऱ्यांचा हिशेब जुळवून अरबस्तानची जहाजे इथे येत आणि वारे फिरले की परत जात. आपण ज्यांना मोसमी वारे म्हणतो त्यातला 'मोसम' अरबीच. आपला 'नाखवा' फारसीतल्या नाखुदाचा, 'बंदर' तर सरळ फारसी. कोकणी माणूस हे शब्द वापरताना ते बाहेरचे आहेत असे त्याच्या मनातही येत नाही.

बगदादचा मोठा इतिहासकार आणि प्रवासी अल-मसऊदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इसवी सन 916-17 च्या सुमारास, इथे स्वतः आला होता. त्याने लिहून ठेवले आहे की त्या वेळी सैमूरमध्ये सुमारे 10,000 मुसलमान राहत होते. त्यांत सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे व्यापारी होते. पण सगळेच परदेशी नव्हते. ज्यांचा जन्म याच भूमीत झाला होता त्यांना 'बयासिरा' असे वेगळे नाव होते. म्हणजे अकराशे वर्षांपूर्वीसुद्धा या गावात 'इथे जन्मलेले मुसलमान' हा ओळखीचा, नाव असलेला समाज होता. इथल्या लोकांची बोली कोणती, हेही मसऊदीने नोंदवले आहे. तो तिला 'लारिया' म्हणतो.

त्या काळी इथे शिलाहार राजा झंझ याचा अंमल होता. त्याच्यावर मान्यखेटच्या राष्ट्रकूटांची सत्ता होती, त्यांना अरब लेखक 'बल्हरा' म्हणत. झंझ राजा शिवभक्त. त्याने शिवाची बारा मंदिरे बांधली असे शिलाहारांच्याच लेखात म्हटले आहे. याच राजाच्या गावात मुसलमानांचे आपसातले व्यवहार पाहायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे. त्याला 'हुनरमन' म्हणत. मसऊदी आला तेव्हा या जागेवर अबू सईद मारूफ बिन झकरिया हे होते. बारा शिवमंदिरे बांधणारा राजा आणि त्याच्या राज्यात मुसलमानांचा हुनरमन, या दोन्ही गोष्टी एकाच गावात एकाच वेळी नांदत होत्या. शाळेत इतिहास शिकवताना आम्ही मुलांना लढायांच्या तारखा पाठ करून घेतो. हे पान मात्र पुस्तकात सापडत नाही. इथे मुसलमान आले ते तलवार घेऊन नव्हे, तराजू घेऊन. आणि राज्यकर्त्याने त्यांना ठेवून घेतले, कारण त्यांच्या जहाजांतून जकात येत होती. जकात हाही शब्द पाहा कुठून कुठे आला.

घोडा घेऊन आलेला रशियन

रेवदंड्यात काळ्या दगडाचा एक स्तंभ पाहायला मिळतो. तो अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याच्या स्मरणार्थ आहे. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला पोहोचला हे आपल्याला तोंडपाठ असते. निकितिन त्याच्या जवळपास तीस वर्षे आधी होर्मुझहून जहाजात घोडा घालून चौलला उतरला. तेव्हा इथे बहमनींचे राज्य होते. दख्खनच्या हवेत चांगला घोडा पैदा होत नसे. लष्कराला तो अरबस्तान-इराणहून आणावा लागे, म्हणून घोड्यांना सोन्याचा भाव होता. निकितिनने लिहिले आहे की तो जाईल तिकडे माणसांचा घोळका त्याच्यामागे चाले. गोरा माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता.

चौलहून पालीमार्गे जुन्नरला जायला त्याला चोवीस दिवस लागले. जुन्नरच्या सुभेदाराने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो, अशी अट घातली. तेव्हा मुहंमद नावाच्या एका खुरासानी माणसाने सुभेदाराकडे रदबदली करून त्याला घोडा परत मिळवून दिला आणि धर्माची अटही सोडवली. हा प्रसंग आम्ही मुलांना स्तंभाच्या सावलीत बसून सांगितला. धाकटीने विचारले, "म्हणजे त्रास देणारा मुसलमान आणि वाचवणारापण मुसलमान?" होय, दोघेही. इतिहासात असेच असते. आपली माणसे तेवढी चांगली दाखवायची, हा इतिहास नव्हे.

व्हेनिसचे धागे

आता व्हेनिसकडे वळू. हिंदुस्थानचा माल अरबी समुद्र आणि तांबडा समुद्र ओलांडून इजिप्तला जाई. अलेक्झांड्रियाच्या धक्क्यावर व्हेनिसचे व्यापारी तो विकत घेत आणि युरोपभर विकत. या व्यवहाराने व्हेनिसच्या भाषेतही आपली खूण ठेवली. तिथल्या परदेशी व्यापाऱ्यांच्या वखारीला 'फोंदाको' म्हणतात, तो अरबी 'फुंदुक'. टांकसाळीला 'झेक्का' म्हणतात, ते अरबी 'सिक्का'. जहाजे बांधण्याच्या त्यांच्या प्रसिद्ध कारखान्याचे नाव आर्सेनाले, तेही अरबी 'दारुस्सिनाआ'वरून आले.

आणि व्हेनिसने आपल्याला काय दिले? आजी-पणजीच्या दागिन्यांतली पुतळ्यांची माळ आठवा. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर तिथला राज्यप्रमुख संत मार्कपुढे गुडघे टेकून बसलेला असे. नाण्यावर माणसांच्या आकृत्या, म्हणून आपल्याकडच्या बायकांनी त्याला 'पुतळी' म्हटले, भोके पाडून गळ्यात घातले आणि पुढे सोनारांनी तशाच पुतळ्या घडवायला घेतल्या. हे ऐकून अम्मी म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंकडे होती. माझ्या निकाहच्या वेळी मोडली." बंदराचा इतिहास असा घरातल्या पेटीपर्यंत आलेला असतो.

व्हेनिसहून पूर्वेकडे निघालेला लुदोविको दी वार्थेमा हा बोलोन्याचा प्रवासी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला चौलला आला होता. इथल्या सुती कापडाची त्याने तारीफ केली. इथे सगळे पिकते, फक्त द्राक्षे, अक्रोड आणि चेस्टनट नाहीत, असे त्याने लिहिले. नाशिकच्या द्राक्षमळ्यांजवळून रात्री आलेल्या आम्हाला याचे हसू आले. पुढे 1563 मध्ये व्हेनिसहून निघालेला सेझारे फेदेरिची हा व्यापारी चौलचे रेशमी कापड पाहून गेला आणि इथल्या नारळाच्या झाडाच्या उपयोगांवर खूष झाला. पोर्तुगीज लेखक बार्बोसाने इथल्या आयात मालात तांब्याचा उल्लेख केला आहे. हे तांबे देशावर नाण्यांसाठी आणि भात शिजवायच्या भांड्यांसाठी जाई. सोनगीरला ज्यांच्या गल्लीत सकाळी हातोड्यांचा आवाज ऐकू येतो, त्यांना हे वाचून आपल्या घरचे कुणी भेटल्यासारखे वाटेल.

लढाई, किल्ला आणि ऱ्हास

पोर्तुगीज आल्यावर हा सारा व्यापार हादरला. समुद्रावर त्यांचा परवाना, म्हणजे 'कार्ताझ', नसेल तर जहाज लुटले जाई. हजला जाणारी जहाजेही यातून सुटली नाहीत. इजिप्तचा मामलुक सुलतान आणि गुजरातची सल्तनत यांनी मिळून प्रतिकार केला. पोर्तुगीजांमुळे पोट मारले गेलेले व्हेनिसही सुलतानाकडे दूत पाठवून त्याला भर देत होते. मार्च 1508 मध्ये चौलच्या खाडीत मोठी लढाई झाली. अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाज यांच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवले. व्हाइसरॉय अल्मेदा याचा मुलगा लोरेन्सो या लढाईत मारला गेला. पण पुढच्याच वर्षी, 3 फेब्रुवारी 1509 रोजी, दीवला अल्मेदाने सूड घेतला आणि समुद्र पोर्तुगीजांच्या हाती गेला.

1521 मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला. वरचे चौल निजामशाहीचे, खालचे पोर्तुगीजांचे, अशी दोन गावे झाली. 1570-71 मध्ये मुर्तजा निजामशहाने मोठा वेढा घातला, पण किल्ला पडला नाही. अखेर 1740 च्या तहानंतर पोर्तुगीज गेले आणि ठाणे मराठ्यांकडे आले. तोवर मुंबई वाढली होती, खाडी गाळाने भरत चालली होती, इथले विणकर मुंबईला गेले होते. बंदर तोफांनी मेले नाही. गाळाने आणि गिऱ्हाइकाने मेले. महामार्गाच्या काठावर राहणाऱ्या आम्हा सोनगीरकरांना हे चटकन कळते. रस्ता गावाबाहेरून गेला की चौकातले दुकान ओस पडते, स्टीलचे भांडे आले की तांबटाची भट्टी थंड होते. वाट बदलली की गाव बदलते.

काय पाहावे?

रेवदंड्याच्या किल्ल्यात आज नारळाच्या वाड्या आहेत आणि गावाचा रस्ता तटबंदीतूनच जातो. आत 'सातखणी' म्हणून ओळखला जाणारा उंच मनोरा आहे. तो जुन्या चर्चचा घंटेचा मनोरा. सात मजल्यांपैकी आज काहीच उभे आहेत. तटाच्या बाहेर सुरूची झाडे आणि काळसर वाळूचा किनारा. भरती-ओहोटीची वेळ विचारूनच पाण्यात उतरावे. अम्मींनी चप्पल काढून घोट्यापर्यंत पाय भिजवले, बराच वेळ पश्चिमेकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "याच पाण्यापलीकडे आहे ना ते सगळं?" आम्ही हो म्हटले.

चौलमध्ये रामेश्वराचे देऊळ आणि पुष्करिणी आहे, टेकडीवर दत्ताचे देवस्थान आहे, हिंगलाजच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. मुसलमानी काळातल्या हमामखान्याचे अवशेष आहेत, राजकोटाच्या खुणा आहेत. रेवदंड्यात बेने इस्राईल समाजाचे सिनेगॉग आहे. खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. तिथे डोंगराच्या सोंडेवर किल्ला, पायथ्याशी दीपगृह आणि गावात आजही पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलणारी ख्रिस्ती कुटुंबे. ही बोली मराठी शब्दांनी भरलेली आहे. पुढे मुरूड आणि जंजिरा, पण त्यासाठी आणखी एक दिवस काढावा.

हमामखान्याजवळ मन खट्टू झाले. भिंतीत झाडांची मुळे शिरलेली, कोळशाने लिहिलेली नावे, पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे. मुलांनी आपण होऊन एक पिशवीभर कचरा गोळा केला. एक वाडीवाले काका बघत होते. त्यांनी आम्हाला बोलावून शहाळी दिली आणि पैसे घेतले नाहीत. थोरल्याने त्यांना आपण होऊन विचारले, "काका, तुम्ही मूळचे कुठले?" काका हसले. "आमचे म्हातारे सांगायचे, घाटावरून आलो. केव्हा ते देव जाणे. चौलला सगळेच कुठून ना कुठून आलेले, बाळा. समुद्राच्या गावी मूळचा फक्त समुद्र."

मुलांना काय सांगायचे?

चौलकर, चेऊलकर ही आडनावे आज वेगवेगळ्या धर्मांच्या घरांत आढळतात. या गावाने बौद्ध भिक्षू, शिवभक्त राजे, अरब नाखुदा, यहुदी, ख्रिस्ती असे सगळे पाहिले. प्रत्येकाने काही आणले आणि प्रत्येकजण इथला झाला. मसऊदीच्या काळचा 'बयासिरा' मुसलमान इथल्या आईच्या कुशीत जन्मला होता, इथली बोली बोलत होता. त्याच्यानंतर अकराशे वर्षे उलटली. आम्ही खान्देशचे मुसलमान कोकणच्या बंदरातून आलो असे नाही. आमच्यातले बहुतेकजण याच मातीतले आहेत, कापूस वेचणारे, विणणारे, भांडी घडवणारे. पण आपल्याला हा प्रश्न विचारला गेला तर मुलांनी मान खाली घालू नये आणि आवाजही चढवू नये. "सोनगीरचा" हे उत्तर पुरेसे आहे. पुढे कुणाला ऐकायचेच असेल तर चौलची गोष्ट सांगावी.

त्यासाठी गोष्ट माहीत असली पाहिजे. म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. सुट्टीत मुलांना फक्त मॉलमध्ये आणि लग्नकार्याला नेऊ नका, आपल्या मुलुखातले एखादे जुने बंदर, किल्ला, बाजारपेठ दाखवा. जाण्याआधी त्याबद्दल चार पाने वाचा. तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. मशीद असो, मंदिर असो, लेणे असो, तिथे कचरा टाकू नका आणि नाव कोरू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले वहीत उतरवून ठेवा.

खर्चाचे म्हणाल तर सहा जणांच्या आमच्या कुटुंबाला एसटी, बोट आणि घरगुती खानावळ धरून हा प्रवास झेपला. हिवाळ्याचे दिवस उत्तम. रेवदंड्याला मशीद आहे, जेवणाची सोय घरगुती होते, मासे ताजे मिळतात. दोन मुक्काम पुरतात. जाताना सोबत एक वही आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी न्यावी. दोन्ही भरून येतील, इन्शाअल्लाह.